एव्हर्टनचे गुण कापले, मग चेल्सीचे का नाहीत?

तुमचा प्रश्न असा: खेळाडूंवर अब्जभर पौंड उधळणाऱ्या चेल्सी क्लबचा प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेत) या खर्चापायी एकही गुण गेला नाही, आणि त्यामानाने किरकोळ खरेदी करणाऱ्या एव्हर्टनचे २०२३-२४ मध्ये आधी १० (अपिलात ६) आणि मग आणखी २ गुण गेले. हा कुठला न्याय?

घोळ 'खर्च' या शब्दात आहे. प्रीमियर लीगचा आर्थिक नियम खर्च मोजतच नाही, तोटा मोजतो. आणि फुटबॉलच्या हिशेबात खरेदीचा खर्च हप्त्याहप्त्याने चढतो, तर विक्रीचा नफा एका दिवसात.

आधी मर्यादा. सगळे आकडे कोटी पौंडांत देतो. तीन हंगामांचा करपूर्व तोटा मिळून १०.५ कोटींच्या वर जाता कामा नये, म्हणजे हंगामाला ३.५ कोटी. पण एवढी सूट मिळते ती मालकाने भागभांडवल म्हणून पैसे घातले तरच. क्लबला नुसतं कर्ज दिलं तर ते धरत नाहीत आणि तीन हंगामांची मर्यादा थेट १.५ कोटींवर येते. खालच्या स्तरावरच्या चॅम्पियनशिप स्पर्धेत काढलेल्या हंगामाला १.३ कोटीच मिळतात. अकादमी (तरुण खेळाडू घडवणारी शाखा), महिला संघ, समाजकार्य आणि स्टेडियमसारख्या बांधकामावरचा खर्च तोट्यातून वजा होतो.

आता खेळाडू. १० कोटींना घेतला, करार ५ वर्षांचा, तर वर्षाला २ कोटी हिशेबात येतात. दुकानदार यंत्रावर घसारा लावतो तसंच. समोरच्या क्लबला रोख पैसे कधी दिले याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत ६ कोटी उरते. तेव्हा ७ कोटींना विकला तर पेपरात 'तीन कोटींचा फटका' असं छापून येतं, पण हिशेबात १ कोटी नफा दिसतो. ५ कोटींना गेला तर १ कोटीचा तोटा, तोही त्याच वर्षी. विकण्याऐवजी नवा ५ वर्षांचा करार केला तर उरलेले ६ कोटी पुन्हा ५ वर्षांत विभागले जातात आणि वर्षाचा भार १.२ कोटींवर येतो.

चेल्सीने हीच पट्टी ताणली. एन्झो फर्नांडेझसाठी १०.६८ कोटी मोजले आणि साडेआठ वर्षांचा करार केला. ५ वर्षांच्या कराराने वर्षाला सुमारे २.१४ कोटी पडले असते, इथे १.२६ कोटी. युएफाने (युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था) २०२३ च्या उन्हाळ्यात आणि प्रीमियर लीगने त्याच डिसेंबरात ही विभागणी जास्तीत जास्त ५ वर्षांवर आणली, पण आधीचे करार सुटले. या युक्तीची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. खेळाडू फसला तर त्याची पुस्तकी किंमत वर्षानुवर्षं उंच राहते, कमी भावात विकला की तोटा अंगावर येतो, आणि लांब करारामुळे पगारही चालूच राहतो.

तरीही तेवढ्याने भागलं नाही. चेल्सीने २०२२-२३ च्या हिशेबात स्टेडियमलगतची दोन हॉटेलं आपल्याच भगिनी कंपनीला ७.६५ कोटींना विकलेली दाखवली, आणि जून २०२४ मध्ये महिला संघ मूळ कंपनीकडे सुमारे २० कोटींना वळवला. त्या वर्षी (२०२३-२४) क्लबने १२.८४ कोटींचा करपूर्व नफा दाखवला! प्रीमियर लीगच्या नियमात याला बंदी नव्हती. माझ्या मते ही सरळसरळ पळवाट आहे, पण पळवाट म्हणजे नियमभंग नव्हे. युएफा असा घरातल्या घरातला नफा धरत नाही, आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या नियमभंगासाठी चेल्सीला एकूण ३.१ कोटी युरोंचा दंड बसला.

एव्हर्टनकडे विकायला हॉटेलं नव्हती. २०२१-२२ अखेरच्या मोजणीत तोटा १२.४५ कोटी निघाला, म्हणजे मर्यादेच्या १.९५ कोटी वर. नव्या स्टेडियमसाठीच्या कर्जाचं व्याज वगळा, हा त्यांचा युक्तिवाद प्रकरण ऐकणाऱ्या स्वतंत्र आयोगाने मानला नाही.

नॉटिंगहॅम फॉरेस्टची चूक वेगळी, तारखेची. बहुतेक क्लबांचं हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपतं; तो त्यांचा मार्चएन्ड. फॉरेस्टचे तीनपैकी दोन हंगाम चॅम्पियनशिपचे असल्याने मर्यादा होती ६.१ कोटी (१.३ + १.३ + ३.५). ब्रेनन जॉन्सन हा अकादमीतून आलेला खेळाडू, म्हणजे पुस्तकी किंमत शून्य आणि विक्रीची जवळपास सगळी रक्कम नफा. तो टॉटनहॅमला ४.७५ कोटींना गेला, पण १ सप्टेंबर २०२३ ला. थांबल्यामुळे भाव चांगला आला हे खरं, पण बंद झालेल्या वर्षात तो पैसा मोजता आला नाही. मर्यादा ३.४५ कोटींनी ओलांडली आणि ४ गुण गेले. कबुली आणि सहकार्य नसतं तर ६ गेले असते.

यातूनच जूनअखेरची ती विचित्र घाई सुरू झाली. २०२४ च्या जूनअखेरीस न्यूकॅसलने ३० जूनच्या आत एलियट अँडरसन हा खेळाडू फॉरेस्टला आणि यांकुबा मिंटे ब्रायटनला विकला. मालक सौदी सरकारी निधी, पैशाला तोटा नाही, पण मालकाच्या खिशाने 'तोटा' कमी होत नाही, आणि मालकाच्याच कंपन्यांचं प्रायोजकत्व बाजारभावापेक्षा जास्त धरत नाहीत. अँडरसन तर लहानपणापासून तिथलाच. घरचं पोर विकलं की हिशेब सगळ्यात लवकर जुळतो, हा या नियमाचा मला सर्वात खटकणारा परिणाम.

२०२६-२७ पासून प्रीमियर लीग तोट्याऐवजी संघखर्चाचं प्रमाण बघणार आहे: पगार, खेळाडूंचा वार्षिक भार आणि एजंटांची फी मिळून फुटबॉलच्या उत्पन्नाच्या (खेळाडूविक्रीचा नफा धरून) ८५ टक्क्यांपर्यंत. युएफाची पट्टी ७० टक्के. म्हणजे युरोपात खेळणाऱ्याला कडक नियमच पाळावा लागेल, आणि हॉटेल विकून हे प्रमाण सुधारणार नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर इंग्लिश क्लबांचे वार्षिक हिशेब 'कंपनीज हाउस'च्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पगार, खेळाडूंच्या नोंदणीवरचं अमॉर्टायझेशन (खरेदीचा वर्षाला चढणारा हप्ता) आणि खेळाडूविक्रीचा नफा, या तीन ओळी आधी बघा. मात्र अकादमीवगैरेची वजावट बहुधा वेगळी छापलेली नसते. त्यामुळे हिशेबात १२ कोटींचा तोटा दिसला की लगेच 'गुण कापा' म्हणू नका. वजावटीनंतर तो मर्यादेत बसत असू शकतो.