आख्खं आयुष्य एकाच अणूवर घालवणाऱ्या लेसरवाल्यांना कंटाळा येत नाही का?

तुम्ही विचारलंय की लेसर स्पेक्ट्रोस्कोपीतले (म्हणजे अणू कुठल्या फ्रिक्वेन्सीचा प्रकाश शोषतो ते लेसरने मोजणारे) शास्त्रज्ञ म्हणे चाळीस-चाळीस वर्षं एकच अणू मोजत बसतात, मग रोज करतात तरी काय आणि कंटाळा येत नाही का. पीएचडी आणि पोस्टडॉक मिळून नऊ वर्षं मी हेच केलंय म्हणून सांगते. कंटाळा येतो, भरपूर येतो, पण अणूचा नाही हो, टेबलावरच्या आरशांचा.

माझा अणू रुबिडियम. बोटाएवढी काचेची नळी, आत रुबिडियमची वाफ, त्यातून ७८० नॅनोमीटरचा बीम सोडायचा. पण आतले अणू सैरावैरा धावत असतात त्यामुळे डॉप्लरच्या भानगडीत (धावत्या अणूला प्रकाशाची फ्रिक्वेन्सी थोडी बदललेली भासते) अणूची रेषा, म्हणजे तो शोषतो ती ठराविक फ्रिक्वेन्सी, पसरून ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास रुंद होते, आणि तिची खरी रुंदी जेमतेम ६. मग समोरून दुसरा बीम सोडायचा, म्हणजे जे अणू बीमच्या दिशेला ना पुढे जातायत ना मागे, तेवढेच दोन्ही बीमना एकदम सापडतात आणि प्रकाश शोषल्याने स्क्रीनवर पडलेल्या त्या पसरट खड्ड्यात बारीक टोकदार पीक (peak, शिखरं) दिसायला लागतात. सीनियरने सांगितलं होतं तीन दिसतील. मला दिसली सहा! दोन दिवस आरसे हलवले, फिल्टर बदलले, नळी उलटी करून बघितली, तरी सहाच. शेवटी सीनियर आला, स्क्रीनकडे बघून हसला आणि म्हणाला, यातली तीन खोटी आहेत. त्यांना क्रॉसओव्हर म्हणतात, दोन खऱ्या पीकच्या बरोब्बर मध्ये येतात, कारण तिथे धावता अणू एका बीमला एका रेषेवर सापडतो आणि समोरच्या बीमला दुसऱ्या. अणूत तशी लेव्हलच (ऊर्जेची पायरी) नसते. आणि गंमत म्हणजे सगळ्यात उंच पीक त्या खोट्यांतलंच होतं, आमचा लेसर वर्षानुवर्षं आम्ही त्यालाच लॉक करून, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवर स्थिर करून ठेवला.

तुम्ही वाचलंत ते बहुतेक थिओडोर हेन्शबद्दल असणार, हायड्रोजनवाले. १९७० मध्ये हा माणूस स्टॅनफर्डला लेसरतज्ज्ञ शॉलोव यांच्याकडे गेला आणि १९७२ मध्ये त्यांनी डाय लेसर (रंगद्रव्याच्या द्रावणावर चालणारा, फ्रिक्वेन्सी बदलता येणारा लेसर) वापरून वर सांगितलेलीच युक्ती हायड्रोजनच्या लाल रेषेवर केली. १९४७ मध्ये लॅम्ब या शास्त्रज्ञाने मायक्रोवेव्हने पकडलेला हायड्रोजनच्या दोन लेव्हलमधला तो बारीकसा फरक, लॅम्ब शिफ्ट, आता प्रकाशातच सरळ वेगळा दिसला. एखादा म्हणाला असता झालं, आता दुसरा अणू घेऊ. यांनी घेतला नाही, त्याच हायड्रोजनची आणखी बारीक रेषा धरली, १एस ते २एस (सगळ्यात खालच्या लेव्हलपासून वरच्या एका लेव्हलपर्यंतची उडी). तिला २४३ नॅनोमीटरचे दोन फोटॉन समोरासमोरून द्यायचे म्हणजे डॉप्लर आपोआप कटतो, आणि तिची मूळ रुंदी एक हर्ट्झच्या जरा वर, फ्रिक्वेन्सी मात्र २४६६ टेराहर्ट्झ.

आता घोडं अडलं ते मोजायचं कशाने इथे. एवढ्या वेगाने मोजणारं इलेक्ट्रॉनिक्स अस्तित्वातच नाही. तोपर्यंत लोक खोल्याच्या खोल्या भरून लेसरांची साखळी लावायचे, मायक्रोवेव्हपासून एकेक पायरी चढत प्रकाशापर्यंत, आणि एवढं करून त्यातून एकच फ्रिक्वेन्सी मोजता यायची. १९९० च्या दशकाच्या शेवटी फ्रिक्वेन्सी कोंब (comb, कंगवा) आला, म्हणजे फेम्टोसेकंद पल्सचा (अतिशय क्षणिक झोत सोडणारा) लेसर ज्याच्या स्पेक्ट्रममध्ये कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावर लाखो रेषा असतात, दात मोजले की काम झालं. त्यावर हेन्शना २००५ चं नोबेल, जॉन हॉल यांच्यासोबत (अर्धं ग्लाउबर यांना गेलं). म्हणजे बघा, कोंबची निकड त्या हट्टी हायड्रोजनमुळेच भासली होती, आणि आज ऑप्टिकल घड्याळवालेही (प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सीवर वेळ मोजणारे) तोच वापरतात.

मग २०११ पर्यंत ती रेषा पंधरा आकड्यांपर्यंत मोजून झाली. लोक विचारतात पंधरावा आकडा काय चाटायचाय? तर या रेषांच्या आकड्यांवरूनच प्रोटॉनचा आकार काढतात, आणि २०१० मध्ये हेन्श यांच्याच संस्थेतली माणसं असलेल्या एका टीमने हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन काढून त्याजागी म्युऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊ) घातला, तो २०० पट जड त्यामुळे प्रोटॉनच्या कितीतरी जवळून फिरतो, आणि प्रोटॉनची त्रिज्या नेहमीच्या आकड्यापेक्षा चार टक्के कमी निघाली. चार टक्के म्हणजे आमच्या धंद्यात भूकंप! पुढे कित्येक वर्षं सगळे आपापले जुने हायड्रोजनचे आकडे काढून परत तपासत बसले होते. त्यावेळी कंटाळा आला म्हणणारा मला तरी कोणी भेटला नाही.

माझ्या नावावर असलं काही नाही हं. माझ्या थिसिसमधलं एक आख्खं चॅप्टर लॅबमधला एसी चालू झाला की लेसर किती सरकतो यावर आहे, आणि नंतर आलेल्या पोरांनी सगळ्यात जास्त तेच वाचलंय, कारण तो एसी अजून तिथेच आहे.