ब्रिटनमधले विनोदवीर सरकारची इतकी उघड खिल्ली कशी उडवू शकतात? त्यांच्यावर काहीच बंधनं नाहीत का?

बंधनं आहेत, आणि त्यातली एक-दोन चांगलीच जाचक आहेत. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचं चित्रण विनोदी कार्यक्रमात वापरायला सक्त मनाई आहे. 2011 मध्ये अमेरिकेच्या 'द डेली शो' या बातम्यांची टिंगल करणाऱ्या कार्यक्रमाचा एक भाग चॅनल फोरला ब्रिटनमध्ये दाखवता आला नाही, कारण त्यात कॉमन्स म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या दृश्यांवर थट्टा केली होती. हा नियम मला साफ चुकीचा वाटतो. जे भाषण रात्रीच्या बातम्यांत चालतं, ते थट्टेत का चालू नये?

दुसरी टांगती तलवार अब्रुनुकसानीच्या दाव्याची. बीबीसीवर 1990 पासून चालू असलेल्या 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' या बातम्यांवरच्या विनोदी प्रश्नमंजुषेत इयन हिस्लॉप आणि पॉल मर्टन हे दोन संघांचे कर्णधार असतात. हिस्लॉप 1986 पासून 'प्रायव्हेट आय' या व्यंगात्मक पाक्षिकाचा संपादकही आहे. 1989 मध्ये एका दाव्यात त्या पाक्षिकाला 6 लाख पौंडांची भरपाई ठोठावली गेली. पुढे ती 60 हजारांवर आली, पण एखादं छोटं प्रकाशन तेवढ्यात बुडालं असतं. शिवाय बीबीसीला तटस्थतेची अट असते, निवडणुकीच्या काळात तर जास्तच.

मग हे जमतं कसं? माझ्या मते खरं कारण म्हणजे तिथे रुळलेला एक रिवाज. राजकारणी स्वतः अशा कार्यक्रमात पाहुणे म्हणून येऊन बसतात आणि समोरासमोर बिनपाण्याने हजामत करून घेतात. न येणाऱ्याचीही सुटका नसते. 1993 मध्ये मजूर पक्षाचे माजी उपनेते रॉय हॅटर्सली ऐनवेळी आले नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी टेबलावर डुकराच्या चरबीचा डबा मांडला आणि अख्खा भाग त्या डब्यासह पार पडला. घरच्यांनाही सवलत नाही. 2002 मध्ये सूत्रसंचालक अँगस डेटनच्या खासगी भानगडी एका टॅब्लॉइडनं, म्हणजे सनसनाटी वृत्तपत्रानं छापल्या, तर मर्टन त्याच पहिल्या पानाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून चित्रीकरणाला आला. शेजारी डेटन बसलेला, आणि प्रेक्षक हसून लोटपोट! काही महिन्यांत डेटनला जावं लागलं. तेव्हापासून सूत्रसंचालनाला दर वेळी नवा पाहुणा येतो.

या रिवाजाची एक बाजू मात्र मला मनापासून खटकते. बोरिस जॉन्सन 1998 मध्ये या कार्यक्रमात पहिल्यांदा आले, पुढे सूत्रसंचालकही झाले. विस्कटलेले केस, अडखळतं बोलणं, सगळ्यांना हसवणारा गमत्या माणूस ही त्यांची प्रतिमा घराघरांत पोहोचवण्यात या कार्यक्रमाचा मोठा हात आहे. लोकांना जो माणूस आवडायला लागतो, त्याला जाब विचारणं अवघड होऊन बसतं. थट्टेनं सत्ताधाऱ्याला बोचायच्या ऐवजी गुळगुळीत केलं, तर ती थट्टा फसली असं मी मानतो.

एरवी साहित्य राजकारणीच पुरवतात. मे 2024 मध्ये ऋषी सुनक यांनी भर पावसात, छत्रीशिवाय, चिंब भिजत निवडणूक जाहीर केली. त्यांच्यानंतर आलेल्या कीर स्टार्मर यांना एका लॉर्डांनी (वरिष्ठ सभागृहाच्या सदस्यानं) कपडे आणि चष्मे घेऊन दिल्याचं त्याच वर्षी उघड झालं. सत्तेतला पक्ष बदलला, टिंगल थांबली नाही, आणि मला तिथल्या विनोदवीरांची हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

तुम्हाला ऐकून बघायचं असेल तर बीबीसीच्या रेडिओ फोरवरच्या 'द न्यूज क्विझ'पासून सुरुवात करा. 1977 पासूनचा कार्यक्रम आहे, 2020 पासून अँडी झाल्ट्झमन तो चालवतो, आणि पॉडकास्ट म्हणूनही मिळतो. फक्त त्या आठवड्यातले तिथल्या बातम्यांचे मथळे आधी वाचून घ्या. निम्मे विनोद त्याशिवाय डोक्यावरून जातात.