आधी लायसन्स, मग क्रेडिट

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, धायरीला राहतो. मुलगी एमबीबीएस, एमडी (मेडिसिन) असून पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये तीन वर्षं काम करते. जावयांची टोरांटोला बदली झाली आहे, वर्षभरात दोघं जातील. एका सल्लागार संस्थेने तिला ६० अमेरिकन सीएमई (डॉक्टरांनी पदवीनंतर चालू ठेवायचं शिक्षण) क्रेडिटचं ऑनलाइन पॅकेज ८५ हजार रुपयांत देऊ केलंय. 'अमेरिका आणि कॅनडाचा करार आहे, क्रेडिट असली की लायसन्स लवकर मिळतं,' असं ते सांगतात. तिच्या एमएमसीच्या (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या) रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल पुढच्या वर्षी आहे आणि त्यासाठी लागणारे सीएमईचे १४ पॉइंट आतापर्यंत झालेत. पैसे भरावेत का? इथले पॉइंट तिकडे चालतील का?

उत्तर : नमस्कार. पैसे भरू नका.

करार आहे, ते खोटं बोलत नाहीत. म्हणूनच भलेभले त्यात अडकतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशन आणि कॅनडाचं रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या दोन संस्थांनी एकमेकांची क्रेडिट मानायचं ठरवलेलं आहे. पण कोणासाठी? समजा, टोरांटोत प्रॅक्टिस करणारा एखादा फिजिशियन शिकागोच्या परिषदेला गेला. तिथल्या तासांची नोंद त्याला घरी परतल्यावर रॉयल कॉलेजच्या खात्यात करता येते. उलट दिशेने, अमेरिकन डॉक्टरने कॅनडात मिळवलेली क्रेडिट अमेरिकन असोसिएशनकडे अर्ज करून, फी भरून बदलून घेता येतात. युरोपच्या यूईएमएस या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेशीही अमेरिकन असोसिएशनचा असाच करार आहे, आणि दोन्ही देशांच्या फॅमिली डॉक्टरांच्या संस्थाही एकमेकींची क्रेडिट मानतात. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : क्रेडिट मिळवणारा आधीच लायसन्सधारक डॉक्टर आहे.

तुम्ही बँकेत होतात, म्हणून तुमच्याच घरातला दाखला देतो. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा पास झालं की इन्क्रिमेंट मिळायचं. पण ती परीक्षा बँकेत नोकरीला असलेल्यांचीच. 'सीएआयआयबीची पुस्तकं पाठ आहेत, आता मला ऑफिसर म्हणून घ्या,' असं म्हणत कोणी तुमच्या शाखेत आलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत? सीएमईचंही तेच आहे. रॉयल कॉलेजच्या फेलोला, म्हणजे सदस्य असलेल्या स्पेशालिस्टला, पाच वर्षांत ४०० क्रेडिट, त्यातली दर वर्षी किमान ४० जमवावी लागतात. तुमची लेक तिथे पोचली की तिलाही जमवावी लागतील, आणि तेव्हा हा करार तिच्या कामाचा. आज तो तिला दार उघडून देत नाही. शिवाय पॅकेजमधल्यासारखी अमेरिकन क्रेडिट कित्येक मेडिकल वेबसाइटवर फुकट मिळतात. लेख वाचायचा, चार प्रश्न सोडवायचे, सर्टिफिकेट डाउनलोड करायचं. ८५ हजार कशाचे, हे त्या संस्थेला जरूर विचारा. मलाही ऐकायला आवडेल.

दार उघडतं ते वेगळ्या किल्ल्यांनी. कॅनडात लायसन्स केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक प्रांताचं कॉलेज देतं (हे शिकायचं कॉलेज नव्हे, आपल्या मेडिकल कौन्सिलसारखी संस्था). टोरांटोसाठी कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ऑफ ओंटारिओ. त्याआधी पदवीची मूळ संस्थेकडून पडताळणी आणि मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाची एमसीसीक्यूई पार्ट वन परीक्षा. ही परीक्षा कॅनडाबाहेरूनही देता येते, म्हणजे व्हिसाची वाट बघायची गरज नाही. त्यानंतरचा टप्पा खरा कठीण. आपली एमडी तिथे सरळ स्पेशालिस्ट म्हणून धरत नाहीत. रॉयल कॉलेज ज्या मोजक्या देशांचं प्रशिक्षण मान्य करतं, त्यांत भारत नाही. मग पुन्हा रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं काही वर्षांचं प्रशिक्षण, नाहीतर अनुभवी परदेशी डॉक्टरांसाठी काही प्रांतांत असलेली प्रॅक्टिस रेडी असेसमेंट, म्हणजे देखरेखीखाली काम करून दाखवायची चाचणी. हे ऐकून घरात शांतता पसरेल, पण ती आत्ता पसरलेली बरी. या दुसऱ्या वाटेवर अलीकडचा प्रत्यक्ष पेशंट बघण्याचा अनुभव मोजतात. म्हणून 'जायचंच आहे तर नोकरी सोडून अभ्यासाला बस' असा सल्ला घरात कोणी देत असेल, तर त्यांना थांबवा.

आता ज्याची तुम्ही ओझरती चौकशी केलीत, ते १४ पॉइंट. माझ्या मते पत्रातली सगळ्यात तातडीची ओळ तीच. एमएमसीला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. अजून १६ हवेत. इथले पॉइंट कॅनडात जमा होणार नाहीत, कारण वरच्या करारांत आपली एमएमसी कुठेच नाही. तरीही ते मिळवायचेच. कारण परदेशात अर्ज करताना गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (डॉक्टरवर कारवाई झालेली नसल्याचा दाखला) लागतं, ते इथल्या कौन्सिलचं, आणि त्यासाठी इथलं रजिस्ट्रेशन चालू हवं. रिन्यूअल अडलं तर कॅनडाची फाइलही अडेल.

पॉइंट मिळवायला पुण्यासारखं शहर नाही. टिळक रस्त्यावरचं आयएमएचं (इंडियन मेडिकल असोसिएशनचं) सभागृह, मोठी हॉस्पिटलं, स्पेशालिस्टांच्या संघटना, रविवारी कुठे ना कुठे सीएमई असतेच. फक्त निमंत्रणपत्रिका नीट वाचायला सांगा. 'एमएमसी पॉइंट अप्लाइड फॉर' (अर्ज केलाय) आणि 'ग्रँटेड' (मंजूर झालेत) यांत फरक आहे. पहिल्यात पॉइंट हाती पडेपर्यंत धाकधूक राहते. सही करून जेवणापर्यंत थांबायचं नि मग निघायचं, ही जुनी सवय तिला नसेल असं धरतो. पॉइंट शेवटपर्यंत बसणाऱ्यांचेच. प्रत्येक सर्टिफिकेटचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा, आणि कौन्सिलच्या तिच्या ऑनलाइन खात्यात ते पॉइंट दिसतात का, हे दर दोन महिन्यांनी बघावं.

एक आगाऊपणा करतो. पत्र तुम्ही लिहिलंत, तुमची काळजी कळते. पण पुढचा मेल लेकीने स्वतः करावा. रेसिडेन्सी पुन्हा करायची तयारी आहे का, हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही.

आणि तिच्या एमबीबीएसच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, असं असेल तर गॅझेटमधली नावबदलाची नोंद आणि विवाहनोंदणीचा दाखला या आठवड्यातच शोधून ठेवा. नावं जुळली नाहीत तर पडताळणी पहिल्याच पायरीवर अडते.