हॉकीच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) आपली टीम सात मॅचच्या सिरीजमध्ये ३-१ने मागे असेल तर पुढची मॅच बघावी का? तिकडचे चाहते हे कसं सहन करतात?

उठा आणि बघा.

एवढंच लिहून थांबणार होते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतो, 'आता बघण्यात अर्थ नाही, आकडेच तसे आहेत', आणि तिथे माझं डोकं फिरलं. तुम्ही कॅनडात शिकून पुण्याला परत गेलेले, तरी पहाटे साडेपाचचा अलार्म लावून एनएचएल, म्हणजे इकडची आइस हॉकीची लीग, बघणारे. तुमच्या या मित्राला मी चांगली ओळखते. आमच्याकडे तो माझ्या धाकट्या दिरांच्या रूपाने नांदतो.

मी एडमंटनची. म्हणजे माहेर मिरजेचं, पण ऑइलर्स या इथल्या हॉकी टीमच्या बाबतीत एडमंटनचीच. २००६ साली आम्ही इथे नवे होतो, एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये, आणि भाऊजी शिकायला म्हणून आमच्याकडेच राहायचे. त्या वर्षी ऑइलर्स आठव्या नंबरने प्लेऑफमध्ये घुसले आणि थेट फायनलला पोचले, समोर कॅरोलायना. पहिल्याच मॅचला आमचा गोलकीपर रोलोसन जखमी होऊन बाहेर. सातातल्या चार मॅच आधी जिंकेल त्याचा स्टॅनली कप, आणि चार मॅचनंतर आम्ही ३-१ने मागे. बरोबर तुमच्यासारखीच अवस्था.

पाचवी मॅच त्यांच्या घरी. ३-३ होऊन ओव्हरटाइममध्ये गेली, आणि ओव्हरटाइम सुरू होऊन जेमतेम दोन-तीन मिनिटं झाली असतील तर आमच्या स्टेयॉसला पेनल्टी. म्हणजे आमचे चार, त्यांचे पाच, आणि पुढचा गोल जो करेल त्याची मॅच. त्यांनी केला असता तर मॅचही आणि कपही. भाऊजी उठले. म्हणाले, "संपलं हो वहिनी, मशीन रिकामी असतील तेवढ्यात कपडे लावून येतो." कपड्यांची टोपली उचलली, वर साबणाचा डबा ठेवला आणि खाली तळघरातल्या लाँड्रीत गेले.

ते लिफ्टमध्ये असतानाच आमच्या पिसानीने त्यांच्या स्टिलमनचा पास मधल्यामध्ये पकडला, एकटा पुढे निघाला आणि गोल. एक माणूस कमी असताना, ओव्हरटाइममध्ये, फायनलला. स्टॅनली कपच्या फायनलमध्ये त्याआधी असा गोल कधीच झाला नव्हता. पिसानी आमच्याच गावचा पोरगा, एडमंटनमध्ये जन्मलेला. बिल्डिंगमधून अशी काही आरडाओरड उठली की भाऊजींना वाटलं आग लागली, आणि ते नाणी मशीनमध्ये तशीच सोडून जिन्याने पळत वर आले.

सहावी मॅचही आम्ही जिंकलो. सातवी हरलो. आणि तेव्हापासून आजपर्यंत, दिवाळी असो की कुणाचं बारसं, भाऊजींचं एकच, "शेवटी हरलेच ना?" आणि माझं एकच, "पण तुम्ही पिसानीचा गोल बघितला नाहीत."

पुढे त्यांना कॅल्गरीत नोकरी लागली आणि ते तिथल्या फ्लेम्स टीमच्या गोटात गेले. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅल्गरी आमच्यापासून तीन तासांवर आहे आणि हॉकीत ते गाव म्हणजे आमची सवत. १९८९ नंतर त्यांनी कप बघितलेला नाही. आम्ही १९९० नंतर. पण आमचे पाच आहेत, त्यांचा एक. असो.

आता २०२४. पुन्हा फायनल, समोर फ्लोरिडा पँथर्स. पहिली मॅच ०-३, दुसरी १-४, तिसरी ३-४. म्हणजे ३-०ने मागे. चौथी शनिवारी, १५ जूनला, आमच्या रॉजर्स प्लेस स्टेडियममध्ये. त्या वीकेंडला भाऊजी सहकुटुंब आमच्याकडे हजर. सहज आलो म्हणे. आमच्या गावात दुसरी टीम कप उचलणार, तो बघायला कॅल्गरीचा माणूस सहज येतो!

संध्याकाळी सहाची मॅच. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, टीव्हीवर ऊन येतं, म्हणून मुलाने खिडकीला जुनी चादर लावली होती. मी ओट्यापाशी वांगी भरत होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा लवकर पानं घ्या. कप उचलायचा कार्यक्रम फार लांबतो." मग फोन काढून वाचायला लागले. ३-०ने मागे पडून सिरीज जिंकलेल्या टीम आजवर चारच. टोरंटो १९४२, न्यूयॉर्क आयलंडर्स १९७५, फिलाडेल्फिया २०१०, लॉस एंजेलिस २०१४. "शंभरात दोन धरा." शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.

तेव्हा मी त्यांना जे सांगितलं तेच तुमच्या मित्राला सांगा. शंभरात दोन हा आकडा सगळ्यांना एकत्र कालवून काढलेला असतो. ३-०ने मागे पडलेल्या टीममधल्या बहुतेक खरोखरच कमी कुवतीच्या असतात, म्हणून त्या मागे असतात आणि म्हणूनच हरतात. तुमची टीम त्यातली आहे का, हे स्कोअर सांगत नाही. २०२४च्या पहिल्या मॅचमध्ये आमचे शॉट ३२ होते, त्यांचे १८. तरी ०-३, कारण त्यांचा गोलकीपर बोब्रोव्स्की याने बत्तीसच्या बत्तीस अडवले. तिसऱ्या मॅचमध्ये ४-१ने मागे होतो, तिथून शेवटच्या पिरियडमध्ये ४-३ केलं होतं. ज्याला हॉकी बघता येते त्याला दिसत होतं की पाणी चढतंय. हॉकीत एक गोलकीपर चार दिवस पेटला तर चांगल्या टीमची माती होते, आणि तोच पाचव्या दिवशी विझला की सिरीज फिरते. तेव्हा तुमच्या टीमच्या गेल्या दोन मॅचचे शॉट आणि चान्स बघा. पक (बर्फावरची ती रबरी चकती) समोरच्यांच्या गोलपाशी फिरत असेल तर स्कोअरकडे दुर्लक्ष करा. आणि तुमचेच लोक स्वतःच्या गोलपाशी अडकून पडलेले असतील, पक बाहेर काढता येत नसेल, तर मग... तरी उठाच, पण चहा कडक घ्या.

चौथ्या मॅचला आमच्या यानमार्कने पहिला गोल केला. तोही एक माणूस कमी असताना! मी काही बोलले नाही, नुसतं भाऊजींकडे बघितलं. पहिल्या पिरियडला ३-१. दुसऱ्यात आमचाच मॅकडेव्हिड, मग नर्स, पाच झाले तसं बोब्रोव्स्कीला बाहेर काढून बाकावर बसवलं. शेवटी ८-१. वांगी तशीच कढईत राहिली, कुणी पानावर बसायला तयार नाही. भाऊजी म्हणाले, "एक जिंकले, लाज राखली." मंगळवारी फ्लोरिडात ५-३. शुक्रवारी परत इथे, ५-१. त्या सहाव्या मॅचमध्ये आमचा दुसरा गोल झाला आणि काही सेकंदांत फ्लोरिडाच्या बार्कोव्हने फेडला. सगळे गप्प. मग आमच्या कोचने ऑफसाइडची दाद मागितली, बराच वेळ रिप्ले चालला आणि गोल रद्द. आमचे हे, जे लग्नात सुद्धा नाचले नव्हते, ते सोफ्यावर उभे राहिले. सोफ्याची एक स्प्रिंग तेव्हापासून टोचते.

सातवी मॅच २-१ने गेली. भाऊजींचा मेसेज लगेच आला, 'म्हटलं होतं ना.' खाली डोळा मारणारा चेहरा. मॅकडेव्हिडला हरलेल्या टीममध्ये असून प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, तो ट्रॉफी घ्यायला बर्फावर आलासुद्धा नाही. आमच्याकडे मुलगा खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

भाऊजींचा युक्तिवाद असा, की तिसऱ्या मॅचनंतरच पाणी सोडलं असतं तर त्या दिवसांचा त्रास वाचला असता. आशा धरली म्हणून जास्त लागलं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण त्या दिवसांत जे झालं ते जमेला धरायचंच नाही का? एरवी 'हं' आणि 'नको' याखेरीज तोंड न उघडणारा सोळा वर्षांचा मुलगा आईबापांच्या मध्ये बसून पेनल्टी किल, म्हणजे एक माणूस कमी असताना गोल कसा वाचवायचा, ते समजावून सांगत होता. ऑफिसात ज्या बाईशी माझं वर्षभर धड बोलणं नव्हतं ती सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची, ऑइलर्सची जर्सी घालून. गाड्यांच्या खिडक्यांना झेंडे, बसच्या पाटीवर 'गो ऑइलर्स'. हे सगळं शंभरात दोन म्हणून फोन ठेवून देणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. सातवी मॅच हरल्याचं दुःख मला झालं, भाऊजींना नाही झालं, हे खरंच आहे. फ्लोरिडातली पाचवी मॅचही त्यांना मिळाली नाही.

१९४२ची गोष्ट तर मी त्यांना मुद्दाम दर वेळी ऐकवते. टोरंटो ३-०ने मागे, समोर डेट्रॉइट. कोच हॅप डे याने आपला सगळ्यात जास्त गोल करणारा ड्रिलन याला बसवलं आणि डॉन मेट्झला उतरवलं. मॅचआधी त्याने एका चौदा वर्षांच्या मुलीचं पत्र खेळाडूंना वाचून दाखवलं, असं सांगतात. पुढच्या चारही मॅच टोरंटोने मारल्या, त्यातली एक ९-३. आता बघा, त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं. भाऊजी तेव्हा असते तर शंभरात दोन नाही, चक्क शून्य म्हणाले असते. आणि तुम्ही तर ३-१नेच मागे आहात, ते कितीतरी वेळा फिरलंय. २०२३ला बॉस्टनने सीझनमध्ये ६५ मॅच जिंकून विक्रम केला होता, पहिल्याच फेरीत ३-१ने पुढे होते, आणि याच फ्लोरिडाने त्यांना घरी बसवलं.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच, इकडचे लोक कसं सहन करतात. अंधश्रद्धेने. ज्या जागी बसून जिंकलो तिथून हलायचं नाही, जर्सी धुवायची नाही, मध्येच खोलीत आलेल्या माणसाला पनवती ठरवून बाहेर पाठवायचं. प्लेऑफ संपेपर्यंत दाढी करायची नाही, ही पद्धत आयलंडर्सच्या खेळाडूंनी ऐंशीच्या दशकात पाडली. आमच्या मुलाने २०२४ला ती पाळली, जेवढी काय उगवली तेवढी. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी त्याचा चेहरा बघितला आणि घाबरून विचारलं, "अगं, सुतक आहे का? कोण गेलं?" डेट्रॉइटचे लोक तर बर्फावर ऑक्टोपस फेकतात. १९५२पासून. तेव्हा कपसाठी आठ मॅच जिंकायला लागायच्या आणि ऑक्टोपसला आठ पाय. आता सोळा लागतात, पण ऑक्टोपस तोच. मला यात काही वावगं वाटत नाही. आपणही मुलांच्या दहावीच्या निकालाला देव पाण्यात घालून बसतोच की.

एक-दोन गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्या होत्या. आशा धरा, पैसे लावू नका. मॅचच्या मध्ये त्या बेटिंग ॲपच्या जाहिराती येतात, त्यांचा धंदाच तुमच्या-माझ्यासारख्यांवर चालतो. घरात लहान मूल असेल तर हरल्यावर रिमोट आपटू नका. आणि तुमची टीम टोरंटो असेल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. त्यांचं दुखणं वेगळं आहे, ते पुढे असताना हरतात. २०२१ला माँट्रियलविरुद्ध ३-१ने पुढे होते, २०२५ला फ्लोरिडाविरुद्ध २-०ने पुढे, दोन्ही वेळा सातव्या मॅचला बाहेर. त्यांच्या चाहत्यांना मी काय सल्ला देणार.

(२०२५ची आमची फायनल विचारू नका. पुन्हा फ्लोरिडा, सहा मॅचमध्ये. भाऊजींनी तेव्हा मेसेज केला नाही, सरळ फोन केला.)

आणि तुम्ही पुण्यात आहात म्हणून व्यवहाराचं. प्लेऑफमध्ये शूटआउट नसतं, गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे पूर्ण पिरियड चालू राहतात. २०२३ला फ्लोरिडा-कॅरोलायनाची मॅच चौथ्या ओव्हरटाइमच्या अगदी शेवटी संपली, पुण्यात तेव्हा अकरा वाजून गेले असतील. तेव्हा 'उद्या उशिरा येतो' असं ऑफिसात आज रात्रीच कळवून ठेवा. कारण पोट बिघडलं म्हणून सांगा. हॉकी म्हणालात तर साहेब "म्हणजे बर्फावरची?" इथून सुरुवात करतील आणि त्यांना समजावण्यात तुमचा पहिला पिरियड जाईल.