हजार मीटरचा नेम आणि चोवीस हप्त्यांचा स्कोप

प्रश्न : माझ्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट-ॲक्शन रायफल आहे. ३०० मीटरवर साधारण ०.८ एमओएचा गट येतो (गट म्हणजे गोळ्यांचा पसारा, एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर). तिच्यावर ४-१२×४० चा (झूम ४ ते १२ पट, भिंग ४० मिलिमीटर) जुना स्कोप आहे. त्याला पॅरलॅक्सची चकती (डोकं हललं तरी नेम टार्गेटवरून सरकू नये म्हणून फिरवायची) नाही आणि टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली आणि बाजूला सरकवणाऱ्या गुंड्यांवर, टोपणं आहेत. आता ६०० मीटरवर नियमितपणे आणि वर्षातून काही वेळा १००० मीटरवर कागदी गोल टार्गेटवर मारायचं आहे. पुढे एफ-टीआर स्पर्धेत (दुपायी टेकू म्हणजे बायपॉड आणि स्कोप लावून लांब पल्ल्यावर मारायच्या एफ-क्लास नेमबाजीचा एक प्रकार) उतरायचा विचार आहे. स्कोपसाठी वेगळी रक्कम साठवली आहे. ती १०० धरली, तर मधल्या किमतीचा ५-२५×५६ एफएफपी (झूमसोबत नेमाची फुली, म्हणजे रेटिकल, लहानमोठी होणारा) स्कोप ८० ला पडतो. वरच्या श्रेणीतला २०० ला पडतो, म्हणजे वरचे १०० कर्जाने, १० टक्के फ्लॅट दराने, २४ हप्त्यांत. एक स्वस्तातला २२ लाही मिळतो. शिवाय चार महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी आहे, त्यातून थोडे काढता येतील. काय करू?

उत्तर : मधल्या किमतीचाच स्कोप घ्या आणि रोखीने घ्या. मात्र तुम्ही निवडलेला प्रकार बदला. गोल टार्गेटवर ठरलेल्या अंतरावरून मारणाऱ्याला एफएफपी लागत नाही, आणि एकट्या स्कोपवर ८० गेले तर उरलेल्या २० मध्ये माउंट (रायफलवरचा बेस आणि स्कोप धरणाऱ्या रिंग), लेव्हल आणि काडतुसं बसत नाहीत. आपत्कालीन निधीला तर हातच लावू नका. तो आज चार महिन्यांचा आहे, सहा महिन्यांचा करायचा आहे.

कर्जाचा हिशेब आधी उलगडून पाहू. १०० मुद्दल, १० टक्के फ्लॅट, दोन वर्षं : व्याज २०, परतफेड १२०, हप्ता ५. फ्लॅट दरात पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत व्याज लागतं, तुम्ही मात्र मुद्दल दर महिन्याला फेडत असता. घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर वर्षाला १८ टक्क्यांच्या थोडा वर जातो, प्रोसेसिंग फी वेगळीच. हेच ५ दरमहा बाजूला ठेवलेत तर २० महिन्यांत १०० जमतात, एक पैसा व्याज न देता. तोवर काही वेळा १००० मीटरवर मारून झालेलं असेल आणि महाग स्कोपने नेमकं काय सुधारेल हे तुम्हाला स्वतःच्या टार्गेटवर दिसलेलं असेल. दुकानदार बिनव्याजी हप्ते देत असेल तर रोखीवर किती सूट आहे ते आधी विचारा. हप्त्यांमुळे सूट बुडत असेल, तर ती सूट म्हणजेच व्याज.

वरच्या श्रेणीत काच अधिक स्वच्छ असते, कडांना रंगाची झालर दिसत नाही, टरेट अधिक काटेकोर चालतात. हे फरक खरे आहेत आणि अशा स्कोपची पुनर्विक्रीही चांगली होते. पण तुमचे गुण कुठे जाणार आहेत ते पाहा. १७५ ग्रेन वजनाची गोळी सुमारे ७९० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटली, तर वाऱ्याचा अंदाज सेकंदाला १ मीटरने चुकला तरी १००० मीटरवर ती अर्ध्या मीटरहून जास्त बाजूला जाते. एफ-क्लासमध्ये १० गुणांचं वर्तुळ १ एमओएचं, म्हणजे १००० मीटरवर जेमतेम २९ सेंटिमीटर व्यासाचं. ही चूक कुठलीही काच भरून काढत नाही. ती वाऱ्यात झाडलेल्या काडतुसांनीच कमी होते, म्हणून काडतुसांचा वाटा स्कोपच्या किमतीत विरघळू देऊ नका.

मोठ्या झूमच्या आकड्यालाही भुलू नका. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली की २५× वर टार्गेट उकळत्या पाण्यासारखं दिसतं आणि अनुभवी नेमबाज झूम १५ ते १८ वर आणतात. भिंगाचा व्यास भागिले झूम केलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. ५६ मिलिमीटरचं भिंग २५× वर २.२ मिलिमीटर देतं, ४०× वर फक्त १.४. तेवढ्यात डोकं जरा हललं तरी चित्र काळवंडतं.

आता एफएफपीबद्दल. यात झूमसोबत रेटिकलही लहानमोठं होतं, त्यामुळे कुठल्याही झूमवर रेटिकलच्या खुणांनी अंतर किंवा वाऱ्यासाठी नेम किती बाजूला धरायचा ते मोजता येतं. वेगवेगळ्या अंतरांवरच्या लोखंडी टार्गेटवर, घड्याळ लावून मारणाऱ्याला ती सोय हवीच. तुमचं अंतर ठरलेलं आहे आणि झूम दिवसभर जवळपास एकच राहणार. तुम्हाला बारीक रेटिकल आणि बारीक क्लिक (टरेटचा एक टप्पा) हवी. एफएफपी स्कोप बहुधा ०.१ मिलच्या (मिल हे कोनाचंच दुसरं माप) क्लिकचे येतात. १००० मीटरवर अशी एक क्लिक म्हणजे १० सेंटिमीटर, आणि तुमचं एक्स-वर्तुळ (दहाच्या आतलं सर्वात लहान) आहे साडेचौदा सेंटिमीटरचं. ⅛ एमओएची क्लिक तिथे ३.६ सेंटिमीटर सरकते. एकाच कंपनीच्या एकाच दर्जात एसएफपी (झूम बदललं तरी रेटिकल तेवढंच राहणारा) बहुधा स्वस्तही पडतो. म्हणून ८-३२×५६ च्या आसपासचा, ⅛ एमओए क्लिकचा, बाजूला पॅरलॅक्सची चकती असलेला एसएफपी शोधा आणि ६५ च्या वर जाऊ नका.

बारीक क्लिकची एक अडचण आहे. टरेटच्या एका फेरीत कमी एमओए मावतात. फेरीला १० एमओए असतील तर १००० मीटरसाठी साडेचार-पावणेपाच फेऱ्या होतात, आणि परत येताना एक फेरी हुकली की पहिली गोळी थेट बांधात जाते. म्हणून फेऱ्यांच्या ठळक रेघा आणि झिरो-स्टॉप (परत येताना टरेट शून्याच्या खूणेवर अडवणारी सोय) या दोन गोष्टींवर तडजोड करू नका.

खरेदीआधी टरेटचा एकूण पल्ला नक्की पाहा. १०० मीटरवर झिरो केलेल्या, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेल्या, तुमच्या रायफलला ६०० मीटरसाठी साधारण १७-१८ एमओए चढवावे लागतील, १००० मीटरसाठी ४५ ते ४७. स्कोपचा एकूण पल्ला ७० एमओए असेल तर सपाट बेसवर त्यातला निम्मा, ३५, वर चढायला मिळतो, म्हणजे १००० मीटर गाठत नाही. २० एमओए उतार असलेला बेस लावला की ५५ मिळतात आणि १०० मीटरचा झिरोही हातचा जात नाही. पल्ल्याच्या अगदी टोकाला गेलात तर आडव्या टरेटची हालचाल आखडते आणि चित्रही मंदावतं, म्हणून ८-१० एमओए शिल्लक ठेवा.

१०० भागांची माझी वाटणी अशी : स्कोप ६० ते ६५, रिंग आणि २० एमओए बेस १० ते १२, बबल लेव्हल (रायफल कलली की दाखवणारी) आणि टॉर्क ड्रायव्हर (ठरलेल्या जोरानेच स्क्रू आवळणारा) ४ ते ५, उरलेले सगळे काडतुसांना. लेव्हल ही किरकोळ वस्तू वाटते, पण ४५ एमओए चढवून रायफल फक्त २ अंश कलंडली तर गोळी दीड एमओएहून जास्त बाजूला जाते, म्हणजे १००० मीटरवर जवळपास ४५ सेंटिमीटर. वाऱ्याला दोष देत बसाल आणि कारण निघेल कललेली रायफल. रिंगांच्या टोप्यांचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवरच आवळा. बहुतेकांचा आकडा १.७ ते २ न्यूटन-मीटर असतो. त्याहून जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते, पॅरलॅक्सची चकती जड होते आणि आतली यंत्रणा अडखळते. या स्क्रूंना लॉकटाइट (स्क्रू पक्का करणारा डिंक) लावू नका. ओलं असताना ते वंगणासारखं काम करतं आणि त्याच टॉर्कवर दाब वाढतो.

पैशाच्या दृष्टीने सर्वात मोलाचं काम यापुढे आहे : परत करण्याची मुदत संपायच्या आत स्कोप तपासा. पैसे देण्याआधी दुकानदाराकडून दोन गोष्टी लेखी घ्या. मुदत किती दिवसांची, आणि नळीवर रिंगांच्या खुणा उमटल्या तर परत घेणार का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर तिथून घेऊ नका, कारण न बसवता हा स्कोप तपासताच येत नाही.

रायफल रिकामी करा, बोल्ट काढून ठेवा आणि तिला शिकंज्यात घट्ट धरा. टरेटपासून टार्गेटपर्यंत १०० मीटर फितीने मोजा. लेझर रेंजफाइंडर १ मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणजे मोजमापातच १ टक्का चूक शिरते. दीड मीटर उंचीच्या फळीवर ओळंब्याने उभी रेघ आखा. वर शून्याची खूण करा, मग दर १० एमओएला २९.१ सेंटिमीटर, असं खाली ४० एमओएपर्यंत, एकूण ११६.४ सेंटिमीटर. रेटिकल शून्यावर ठेवून टरेट १०-१० एमओए वर फिरवत जा. रेटिकल रेघेवरून खाली उतरताना दिसेल. प्रत्येक खुणेवर थांबून वाचा, मग शून्यावर परत या. हे पाच वेळा करा.

४० फिरवल्यावर ११५ ते ११७.५ सेंटिमीटर वाचलं तर उत्तम. १११ च्या आसपास वाचलं तर तो बिघाड नाही, ते टरेट १०० यार्डाला १ इंच या हिशेबाचे आहेत. बॅलिस्टिक ॲपमध्ये (गोळीचा मार्ग काढून देणारं ॲप) एकक बदला, नाहीतर ४५ वर तुम्ही ६० सेंटिमीटर चुकाल. दरवेळी सारखीच २ टक्के चूक येत असेल तरी तुमचं काम चालेल, कारण ठरलेल्या अंतरावर साइटर (गुण सुरू होण्याआधीच्या चाचणी) गोळ्यांनी ती सुधारता येते. मात्र शून्यावर परतताना रेटिकल दरवेळी वेगळीकडे थांबलं, किंवा खाली उतरताना रेघ सोडून बाजूला गेलं, तर परत करा. तिरपं बसलेलं रेटिकलही रेघ सोडतं, म्हणून आधी ते ओळंब्याला लावून सरळ केलेलं असू द्या. यात पास झाला की २०-३० गोळ्या झाडून पुन्हा शून्य तपासा. काही दोष धक्का बसल्यावरच उघड होतात.

२२ वाला स्कोप याच तपासणीत सहसा मागे पडतो. आतली स्प्रिंग कमकुवत असली की क्लिक ऐकू येते पण रेटिकल जागचं हलत नाही, आणि दोन गोळ्यांनंतर अचानक उडी मारतं. मग दर सरावाला पंधरा-वीस काडतुसं झिरो शोधण्यात जळतात आणि वाचवलेले पैसे काही महिन्यांत निघून जातात.

वापरलेला मधल्या किंवा वरच्या श्रेणीतला स्कोप ६५ मध्ये मिळाला तर जरूर विचार करा. पण हमी मालकासोबत हस्तांतरित होते का ते पाहा. व्होर्टेक्सची हमी आजीवन आहे आणि पुढच्या मालकालाही लागू होते, सगळ्यांचं तसं नसतं. परदेशातून मागवायचा असेल तर रायफलच्या स्कोपला निर्यात परवाना लागू शकतो, आयात शुल्क लागतं, आणि दुरुस्तीला परत पाठवायचा खर्च तुमच्या माथी येतो. ही बेरीज ६५ च्या आत बसली पाहिजे.

स्पर्धेच्या नियमांमधले दोन मुद्दे. एफ-टीआरमध्ये .३०८ विंचेस्टर आणि .२२३ रेमिंग्टन एवढीच काडतुसं चालतात, म्हणजे तुमची रायफल बसते. पण बायपॉड आणि स्कोपसकट वजनमर्यादा ८.२५ किलो आहे. या वर्गातले स्कोप ७०० ग्रॅमपासून १ किलोच्या वर जातात, म्हणून आधी रायफल वजनकाट्यावर ठेवा. आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) ३०० मीटर रायफल स्पर्धा कधी मनात आल्या, तर तिथे रायफलवर दुर्बीण चालतच नाही.

.३०८ ची नळी स्पर्धेची अचूकता साधारण ४ ते ५ हजार गोळ्या टिकवते. स्कोप दोन नळ्या सहज पाहील. म्हणून कर्जाच्या हप्त्याऐवजी नव्या नळीसाठी दरमहा थोडी रक्कम आत्तापासूनच बाजूला टाका. स्कोपचं बिल, अनुक्रमांक आणि फोटो जपून ठेवा आणि घराच्या विम्यात तो धरला जातो का ते विचारून घ्या.

जुना ४-१२ लगेच विकू नका. सपाट बेसवरही तो ६०० मीटरपर्यंत पुरेल इतका पल्ला त्याच्यात बहुधा आहे, आणि नवा स्कोप तपासणीत नापास होऊन परत गेला तर बदली येईपर्यंत सराव त्याच्यावर चालू राहील. नवा स्कोप २०-३० गोळ्यांनंतरही शून्यावर टिकला की मग जुना विका आणि ते पैसे काडतुसांत घाला.