शिट्टी वाजण्याआधीचे दहा मीटर

प्रिय मित्रा,

सुरुवातीचा कोर्स संपला, आता एनआरएलमध्ये (ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या मुख्य स्पर्धेत) पंच व्हायला किती वर्षं लागतील, असं विचारलंयस. आधी साधा हिशेब कर. 2023 पासून स्पर्धेत 17 संघ आहेत. एकाला सुट्टी, म्हणजे फेरीत जास्तीत जास्त 8 सामने. 2020 पासून मैदानावर मुख्य पंच पुन्हा एकच. म्हणजे आठवड्याला 8 जागा, बस्स. सिडनीतल्या पंचाची वाट मुलांच्या क्लब सामन्यांतून हॅरोल्ड मॅथ्यूज कप, एसजी बॉल कप, जर्सी फ्लेग कप या तरुण गटांच्या स्पर्धा आणि मग न्यू साउथ वेल्स कप अशी वर जाते. पूर्णवेळ पगार वरच्या मोजक्यांनाच, त्यामुळे शिक्षण सोडायचं नाही. सिडनीच्या वेस्टमीड भागातले आईबाबा हेच विचारत असतील, त्यांना हे सांगून टाक.

आणखी एक. पुण्या-मुंबईत खेळतात ती रग्बी युनियन. ते नियम डोक्यात घेऊन लीगच्या मैदानात उतरलास, तर पहिल्याच टॅकलला (बॉलवाल्याला धरून थांबवतात तेव्हा) घोळ होईल.

लोकांना ट्राय (रेषेपलीकडे बॉल टेकवून मिळवलेले गुण) दिसतो, बंकरचा, म्हणजे व्हिडिओ पंचांचा निकाल दिसतो. पंचाची खरी परीक्षा मात्र प्रत्येक टॅकलनंतरच्या तीन-चार सेकंदांत असते, आणि मोठ्या सामन्यात असे प्रसंग अडीचशेच्या वर येतात. क्रम पाठ कर. टॅकल पूर्ण झाली की मोठ्याने ‘हेल्ड’. वर पडलेल्यांना उठव आणि मागे निघ. मागे जाताना अंग तिरकं, नजर रकवर, म्हणजे टॅकल झाली त्या जागेवर. सरळ उलटा धावलास तर मागच्या खेळाडूवर आदळशील. बघायचं तेही ठरलेल्या क्रमाने: वरचा खेळाडू बाजूला झाला का, बॉलवाला पायावर उभा राहून समोर तोंड करून बॉल पायाने मागे सारतोय का, दोन्ही मार्कर (बॉलवाल्यासमोर थांबणारे बचावाचे खेळाडू) एकामागे एक सरळ उभे आहेत का. 10 मीटरवर पाय रोवून थांब. तू थांबलास तीच बचावाची रेषा.

चूक कुठे होते? साधारण साठाव्या मिनिटानंतर. पाय जड होतात, 10 चे 8 होतात आणि तुझ्या नकळत बॉल असलेला संघ दबायला लागतो. त्यांचा कर्णधार कुरकुरला तर लगेच उद्धटपणा समजू नकोस, आधी स्वतःचं अंतर तपास. सरावात शंकू लावून 10 मीटर मोज, मग शंकू काढ. जोरात चार-पाच वेळा धावून झालं की धाप लागलेली असतानाच मागे जाऊन थांब आणि टेपने मोज. ताज्या पायांनी मोजलेल्या अंतराला फारसा अर्थ नाही. लहान गटांत अंतर कमी असतं. सामन्याआधी त्या गटाचा नियम बघून घे.

‘सिक्स अगेन’ जपून वापर. 2020 मध्ये रकमधल्या चुकांसाठी तो आला, खेळ न थांबवता बॉल असलेल्या संघाच्या सहा टॅकलची मोजणी पुन्हा सुरू करायची. पण पहिल्याच टॅकलला दिलास तर बचाव करणाऱ्याचं नुकसान फक्त एका टॅकलचं. हुशार संघ नेमके तेव्हाच अंगावर रेंगाळतात. दोनदा दिलास, सुधारणा नाही, तर कर्णधाराला बोलावून एका वाक्यात ताकीद दे. पुन्हा झालं तर दहा बोटं वर, 10 मिनिटं सिन बिन, म्हणजे खेळाडू मैदानाबाहेर. ताकीद देऊन मागे हटलास, तर उरलेला सामना ते चालवतील.

फॉरवर्ड पासवर, म्हणजे पुढे दिलेल्या चुकीच्या पासवर, प्रेक्षक हमखास ओरडतात. बॉल जमिनीच्या हिशेबाने पुढे गेला का हे बघायचं नसतं. धावणाऱ्याच्या हातातून तो कुठल्या दिशेने सुटला, ते बघायचं. पळत्या खेळाडूचा मागे दिलेला पासही वेगामुळे पुढे वाहून जातो.

रेषेबाहेरच्या पालकांशी वाद घालू नकोस. शिवीगाळ झाली तर खेळ थांबव, ग्राउंड मॅनेजरला बोलाव, त्यांना सांगून मोकळा हो. बॅगेत दोन शिट्ट्या ठेव. पावसात आणि चिखलात एक हमखास दगा देते.

पहिल्या सामन्याचं चित्रण कुणाला तरी करायला सांग. कॅमेरा बॉलमागे फिरवू नका, तुझ्यावर ठेवा म्हणावं. मला शेवटची 15 मिनिटं पाठव, सुरुवातीची नकोत.

तुझा,
मार्गदर्शक