मार्क्सवादी दृष्टीने कथेचे विश्लेषण करताना सुरुवात कुठून करावी?

कथेत वर्गसंघर्ष उघडपणे दिसत नसेल तर तिचे मार्क्सवादी वाचन लादल्यासारखे होते का, असेही तुम्ही विचारले आहे. याच प्रश्नावर एम.ए.च्या चर्चासत्रात मी गप्प बसले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

कथा एका दिवाळी अंकातली होती. गोव्यातल्या एका भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, मुलगा मुंबईहून चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी येतो आणि बालपण आठवतो. मुंडकाराची, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, बायको पहाटे माटोळीसाठी (गणपतीवर टांगतात त्या रानफळांच्या छतासाठी) घागऱ्या, कांगल्या ही रानफळे आणि सुपारीचे शिपटे (घड) आणून ओसरीच्या पायरीवर ठेवते आणि मागच्या पडवीत जाऊन बसते. ''केन्ना आयलो रे बाबा?'' एवढे एकच वाक्य तिला संपूर्ण कथेत मिळाले आहे. निवेदक त्या सामानाला प्रेमाची भेट म्हणतो. पण तिचे घर कोणाच्या जमिनीवर उभे आहे आणि ही भेट न देण्याची मोकळीक तिला होती का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही, असे मी निबंधात लिहिले. ''ही मायेची कथा आहे, तिच्यात तुम्ही जमीनदारी कोंबता आहात,'' असे आमचे प्राध्यापक म्हणाले.

माझी आजी मुंडकारीण होती. रात्री अंगणात पडलेला नारळ ती सकाळी भाटकाराकडे पोचवत असे आणि आमच्या हुमणासाठी (माशांच्या कालवणासाठी) नारळ बाजारातून विकत येत असे. गोव्यातल्या १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना घरातून हुसकावले जाण्यापासून संरक्षण दिले, घर विकत घेण्याचा हक्क दिला. तरीही तिने नारळ पोचवणे थांबवले नाही. कायदा बदलल्यावरही हाताला उरलेल्या या सवयीलाच मार्क्सवादी समीक्षा विचारप्रणाली म्हणते, हे त्या दिवशी मला सांगता आले नाही.

तेव्हा सुरुवात जमिनीपासून करा. कथेतली जमीन, घर आणि श्रम कोणाचे आहेत आणि गोष्ट कोण सांगतो आहे, हे मजकुरातल्या शब्दांवर खुणा करत शोधा. संघर्ष दिसत नसेल तर तो कशाने झाकला आहे ते पाहा. संहिता जे बोलू शकत नाही तेही समीक्षेने वाचावे, अशी मांडणी पिएर माशेरे या फ्रेंच विचारवंताने १९६६ मध्येच केली आहे. ज्यांना ही दृष्टी लादलेली वाटते, त्यांना बहुधा आपलीही एक दृष्टी आहे याची जाणीव नसते.

अर्थात मजकुरात आधार सापडला नाही तर ही दृष्टी सोडून द्यावी. प्रत्येक कथा तिला दाद देत नाही. निवेदकाची माया खोटी आहे असेही माझे म्हणणे नव्हते. ती खरी आहे, म्हणूनच त्याला पायरी दिसत नाही. माझ्या निबंधात पायरीवरच्या परिच्छेदाशेजारी लाल शाईने 'कथेबाहेरचे' असा शेरा आहे. त्या कथेत पायरीचा उल्लेख तीनदा येतो.